पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन अडकलं? या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका ओळीचा साधा अपडेट, एरवी क्षणात होणारा, दहा मिनिटं झाली तरी परत येत नाही. सीपीयू निवांत, डिस्क निवांत, कनेक्शन मात्र वाढत चाललेली. अशा वेळी घाईघाईने सगळ्यात जास्त वेळ चाललेली क्वेरी शोधून तिला मारलं जातं. ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे. ती क्वेरी बहुतेक वेळा नुसती ताटकळत उभी असते. तिला काढलं की मागची तिच्या जागी येऊन थांबते. लॉक (ओळीवरचा किंवा टेबलवरचा तात्पुरता ताबा) धरून बसलेलं सेशन, म्हणजे डेटाबेसशी उघडलेलं कनेक्शन, वेगळंच असतं, आणि ते त्या क्षणी काहीच करत नसल्यामुळे नजरेत येत नाही.

पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (सगळ्या सेशन्सची यादी) बघताना आपण सवयीने फक्त 'ॲक्टिव्ह' ओळी निवडतो आणि तिथेच फसतो. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असलेल्या ओळी आधी बघा: ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) बिगिन झालंय, पण कमिटही (पक्कं करणं) नाही नि रोलबॅकही (रद्द करणं) नाही. ज्या सेशनचा वेट_इव्हेंट_टाइप 'लॉक' आहे, ते वाट बघतंय. त्याचा पिड (प्रोसेस क्रमांक) पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला द्या (आवृत्ती ९.६ पासून आहे). अडवणाऱ्यांचे पिड मिळतील. तेही पुन्हा त्याच फंक्शनला देत राहा. रिकामं उत्तर आलं की मूळ सापडलं. मात्र या मूळ सेशनपुढे दिसणारी क्वेरी ही त्याने शेवटची चालवलेली असते, लॉक घेतलेली तीच असेल असं नाही. निरुपद्रवी सिलेक्ट दिसला म्हणून त्याला सोडून देऊ नका.

'डेडलॉक झालाय' (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकलीत) हे निदानही अशा वेळी सहसा चुकतं. डेडलॉक पोस्टग्रेस स्वतः ओळखतो. डीफॉल्टनुसार १ सेकंद लॉकसाठी थांबल्यावर तो तपासणी करतो आणि एका ट्रान्झॅक्शनला एरर देऊन गाठ सोडवतो. दहा मिनिटं चाललेला खोळंबा ही साधी रांग असते.

रांगेचा सगळ्यात वाईट प्रकार आल्टर टेबलच्या वेळी दिसतो. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून टेबलवर एक सिलेक्ट मारला आणि तसंच सोडून दिलं. सिलेक्टचं 'ॲक्सेस शेअर' लॉक अगदी हलकं, पण ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. नवा कॉलम जोडायला आलेल्या आल्टरला 'ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह' लॉक लागतं, म्हणून तो थांबतो. आता त्याच्यामागून येणारा प्रत्येक सिलेक्टही थांबतो, कारण आल्टर रांगेत पुढे आहे. काही मिलिसेकंदांचं काम, पण पूर्ण ॲप्लिकेशन बंद! म्हणून चालू सर्व्हरवर आल्टर चालवण्याआधी त्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवा. लॉक मिळालं नाही तर आल्टर एरर देऊन बाजूला होईल, नंतर पुन्हा प्रयत्न करा.

मूळ सेशन सापडल्यावर पीजी_कॅन्सल_बॅकएंड वापरून काही होत नाही. ते फक्त चालू क्वेरी थांबवतं आणि इथे चालू असं काही नाही. कनेक्शनच तोडणारं पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं. त्या सेशनचं अपुरं काम रोलबॅक होईल, हे आधी त्याच्या मालकाला सांगा. लिनक्सच्या प्रॉम्प्टवरून किल -९ मात्र कधीच देऊ नका. एक प्रोसेस अशी मेली की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनही तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीत जातो.

मारण्याआधी ॲप्लिकेशन_नेम, क्लायंट_ॲडर (client_addr) आणि एक्झॅक्ट_स्टार्ट (xact_start, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) टिपून ठेवा, नाहीतर उद्या तेच सेशन पुन्हा येईल. कारणं बहुधा ओळखीची निघतात. क्वेरी टूलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप कमिट) बंद ठेवून कुणी जेवायला गेलेलं असतं. पायथनचा सायकोपीजी (पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर) सिलेक्टसाठीसुद्धा आपणहून ट्रान्झॅक्शन उघडतो, हे कोड लिहिणाऱ्याला माहीत नसतं. किंवा ओळ अपडेट करून, कमिटच्या आधी, कोड पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघत बसतो. या शेवटच्या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे: बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत नकोच.

असं उघडं सोडलेलं सेशन ठरावीक वेळाने तोडणारं आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट डीफॉल्टनुसार ० म्हणजे बंद असतं. ॲप्लिकेशनच्या युजरसाठी ते एखाद्या मिनिटावर ठेवा. लॉगमध्ये कारण सापडावं म्हणून लॉग_लॉक_वेट्सही चालू ठेवा. कुणी अडलेलं दिसत नसलं तरी लिखाण करून उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला (साफसफाईच्या प्रक्रियेला) नंतरच्या मृत ओळी (निरुपयोगी झालेल्या जुन्या आवृत्त्या) काढू देत नाही, आणि टेबल फुगत जातं.

सर्व्हर रीस्टार्ट करूनही लॉक तसंच राहिलं, तर पीजी_प्रिपेअर्ड_एक्झॅक्ट्स (pg_prepared_xacts) ही यादी उघडा. टू-फेज कमिटमध्ये (एकाहून जास्त डेटाबेसमध्ये मिळून दोन टप्प्यांत होणाऱ्या कमिटमध्ये) 'प्रिपेअर' होऊन अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन रीस्टार्टनंतरही लॉकसकट टिकतं. त्याला पिड नसतो, म्हणून पीजी_ब्लॉकिंग_पिड्सच्या उत्तरात त्याच्या जागी ० दिसतो. ते कमिट प्रिपेअर्ड किंवा रोलबॅक प्रिपेअर्ड देऊनच सुटतं. दोन्हींपैकी काय द्यायचं, हे दुसऱ्या टोकाच्या डेटाबेसमध्ये ते व्यवहार झाले की नाही हे पाहून ठरवा.