वल्हं आधी, इंजिन मागनं

खानापूर, बेळगाव, निपाणीकडची पोरं बोटीवरच्या कामाची चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास गोव्याचा असतो. कोर्स केवढ्याला, जेट स्की चालवायला मिळते का, पगार काय. मी उलट विचारतो: पोहता येतं का, आणि वल्हं हातात धरलंय का? इंजिन आठवड्यात शिकता येतं. पाणी वाचायला वर्षं जातात, आणि ते शिकायला समुद्रच हवा असं काही नाही.

आपल्याकडं कृष्णा आहे, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आहेत. दिवाळीनंतर बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घातले की मागं पाणी तुंबून नदी संथ होते. ते दिवस शिकायचे. चिकोडी-अथणी भागातले जुने नावाडी बहुतेक कानडी बोलतात. कामापुरतं कानडी येत असेल तर अण्णा म्हणून शेजारी बसा आणि हात बघा. ते तोंडानं फार सांगत नाहीत. धार ओलांडताना होडीचं नाक वरच्या अंगाला तिरकं धरायचं, म्हणजे धारच होडीला पैलतीराकडं ढकलते. काठाला लागताना तोंड प्रवाहाकडं, म्हणजे वेग आपोआप मरतो. पुढं मोटारबोट धक्क्याला लावतानाही हाच हिशोब. राकसकोपच्या जलाशयात मात्र होडी न्यायचा विचारही करू नका, बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे ते.

आता बंधाऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण पट्टीचे पोहणारेही इथंच फसतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर वरच्या बाजूनं नुसती एक सरळ रेघ दिसते, आवाजही उशिरा कळतो. खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरनं पुन्हा भिंतीकडं वळतं. त्या आडव्या भोवऱ्यात होडी सापडली की ती भिंतीला खेचली जाते, बुडते, वर येते, परत खेचली जाते. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्यानं ते धड तोलूनही धरत नाही. लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा अडकून राहतो. म्हणून बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागायचं आणि होडी खांद्यावरनं पलीकडं न्यायची. खालच्या बाजूनंही फेसाच्या जवळ जायचं नाही. कुणी अडकलाच तर काठावरनं दोर फेकायचा. मागनं उडी मारणारा बहुधा दुसरा बळी ठरतो.

नंतर दांडेलीकडचं गणेशगुडी. तिथल्या काळी नदीचं पाणी सुपा धरणाच्या वीजनिर्मितीवर चढतं-उतरतं, आभाळ कोरडं असलं तरी. राफ्टिंग कंपनीत शिरलात तर सुरुवात हवा भरणं, जॅकेट धुणं, पाहुण्यांची ने-आण इथूनच होते. कंटाळू नका. जॅकेटचा पट्टा खांद्याजवळ धरून वर ओढून बघायचा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं. हे पाहुण्याला हसत सांगता येणं हेही कामच आहे.

गोव्याचा कोर्स त्यानंतर. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाखालची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पणजीजवळ आहे. मोटारबोट हाताळणं आणि जीवरक्षण तिथं रीतसर शिकवतात, आणि नोकरी देणारे तो कागद बघतात. जाताना बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी डोळे मिटून येत असल्या पाहिजेत.

समुद्रावर आपल्याला नवी असते ती भरती-ओहोटी. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ अदमासानं निघते, अष्टमीला सहा. तो निव्वळ अंदाज. बोट काढायची तर तक्ता बघूनच. कारवारला काळीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरनं पश्चिमेचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नदीवर शिकलेल्याला तिथं पोटात गोळा येतो, येऊ दे.

पैशाचं सांगायचं तर जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचं काम जवळजवळ बंद. हे चार महिने धरूनच पगार ठरवा. घरी शेती असली तर निभतं. शहरात खोली घेऊन राहणाऱ्यानं हंगामातच भाडं बाजूला टाकावं आणि इंजिनदुरुस्ती शिकून घ्यावी. मेकॅनिकला पावसाळ्यातही काम असतं, बोटी तेव्हाच तर खोलतात.