पिनबॉलच्या रॅम्पची झिजलेली पट्टी

पिनबॉलच्या यंत्रात बॉल ज्या उतारावरून वर चढतो, त्या रॅम्पच्या तोंडाशी असलेली पातळ पोलादी पट्टी सगळ्यात जास्त मार खाते. ८० ग्रॅमचा बॉल सारखा तिथेच आदळतो. आधी पट्टी धरून ठेवणारे रिव्हेट (धातूच्या ठोकलेल्या खिळी) ड्रिलने काढा, पण बेताने, नाहीतर रॅम्पचं प्लास्टिक तडकतं. वाकलेली कड सपाट ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोका. मग पाणी लावून ४००, ८००, १५०० नंबरचा पॉलिश पेपर. घासायचं मात्र बॉल धावतो त्याच दिशेने. आडवे ओरखडे मला बघवत नाहीत. शेवटी मेटल पॉलिश, आणि त्याचा काळा थर नीट पुसून काढा. तारेच्या रॅम्पवर क्रोमचा मुलामा असेल तर पेपर लावूच नका, नुसतं पॉलिश पुरे. पट्टी परत बसवल्यावर कडेवरून बोट फिरवा. कड जरा जरी उचललेली असली, तरी बॉल उडी मारणार.