एटनाच्या पायथ्याशी रोड बाइक: समुद्र, लाव्हा आणि चढ यांचं नियोजन कसं करावं

इटलीच्या सिसिली बेटावर सायकल चालवायला जाणारे बहुतेक जण घरी बसूनच एटनाच्या चढाची तारीख ठरवतात आणि बाकीचे दिवस तिच्या मागे-पुढे बसवतात. ती तारीख आपल्या हातात नसते. एटना हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या जागृत ज्वालामुखींपैकी एक. उंची ३,३०० मीटरच्या वर, आणि नेमका आकडा उद्रेकांबरोबर बदलत राहतो. हवेत राख उडाली की ती वाऱ्याबरोबर खालच्या गावांवर पडते, रस्ते निसरडे होतात आणि तिथले महापौर दुचाकींवर तात्पुरती बंदी घालतात. तीत सायकलीही आल्या. जुलै २०२४ मध्ये कातानिया शहरात असाच आदेश निघाला होता, मोटारींनाही ताशी ३० किमीची मर्यादा घातली होती. तेव्हा मुक्काम एकच ठेवावा, मार्ग तीन-चार तयार ठेवावेत आणि आज कुठला, हे सकाळी डोंगराकडे बघून ठरवावं.

आधी महिना, मग व्हिसा

एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट टाळाच. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकूझाजवळच्या फ्लोरिदियात ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि तोच आज युरोपचा अधिकृत उच्चांक आहे. आपल्याला उन्हाची सवय असते खरी, पण काळ्या लाव्हातून जाणाऱ्या सावली नसलेल्या चढावर ती फारशी कामाला येत नाही. हिवाळ्यात वरचे रस्ते बर्फाखाली असतात, तिथे स्कीइंग चालतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना सायकलिंग त्यात धरलंय का, हे बारीक अक्षरात वाचून घ्या.

सायकल: स्वतःची न्यावी की भाड्याने घ्यावी?

आठवडाभरासाठी जात असाल तर भाड्याने घ्या. बॉक्स वाहण्याचा ताप वाचतो. फक्त सॅडल आणि पेडल स्वतःचे न्यावेत. भाड्याची सायकल ठरवताना गिअर विचारा. पुढे पेडलपाशी ३४ दातांची चेनरिंग (दातेरी चक्र) आणि मागे कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या) सर्वांत मोठ्या चक्राला निदान ३२ दात, ही माझी किमान अट. ब्रेक डिस्क असावेत आणि टायर २८ मिमी किंवा जाड, कारण गावांतले रस्ते काळ्या लाव्हाच्या फरश्यांचे आहेत. त्या ओल्या झाल्या की पातळ टायर सरकतात.

सराव कसा करावा? पुण्याजवळ असाल तर सोपं आहे. निकोलोसीहून वर जायचा चढ साधारण १,२०० मीटरचा, म्हणजे सिंहगडाचा घाट लागोपाठ दोनदा. फरक एवढाच की एटनावर मध्ये उतार नाही आणि चढाची धारही सिंहगडाइतकी नाही. एकाच लयीत दीड-दोन तास बसून चढत राहायची सवय हवी. तिथे पाय उशिरा थकतात, कंटाळा आधी येतो.

मुक्काम ताओर्मिनात नको

ताओर्मिना हे पर्यटकांचं आवडतं गाव सुंदर आहे, महाग आहे आणि डोंगरकड्यावर आहे. रोज दमून आल्यावर पुन्हा तोच चढ. मी जार्रे-रिपोस्तोची जोडगावं सुचवेन. समुद्र शेजारी, एटनाचा पूर्व उतार मागे, आणि मेसिना-कातानिया रेल्वेमार्गावर स्टेशन. इथून सकाळी ताज्या पायांनी चढायचं आणि संध्याकाळी उतरत घरी यायचं.

एक अडचण आहे. वारा बहुतेकदा पश्चिमेकडून वाहत असल्याने राख पुष्कळदा याच बाजूला पडते. पण तेव्हा स्टेशन उपयोगी पडतं. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते. डब्यावर सायकलचं चिन्ह आहे ना, ते पाहून चढा. दक्षिणेला सिराकूझाकडे गेलात की काळा दगड संपून पांढऱ्या चुनखडीचा मुलूख सुरू होतो आणि राखेचा त्रासही सहसा मागे राहतो.

पहिला दिवस: किनारा

रिपोस्तोहून दक्षिणेला पोझ्झिल्लो, सांता तेक्ला, सांता मारिया ला स्काला असं मच्छीमार गावांमधून जात अचिरेआलेला चढायचं. समुद्रालगत ला तिम्पा नावाचा उभा कडा आहे, त्यामुळे हा ‘किनाऱ्याचा सपाट रस्ता’ अजिबात सपाट नाही. पुढे अची त्रेझ्झा. समुद्रात काळे सुळके उभे आहेत. ग्रीक महाकाव्यातल्या आंधळ्या झालेल्या एकाक्ष राक्षसाने ओडिसियस या वीराच्या जहाजामागे भिरकावलेले दगड ते हेच, असं तिथले लोक सांगतात. भूशास्त्राच्या हिशेबात ते एटनाच्या सर्वांत जुन्या उद्रेकांचे अवशेष आहेत. जाऊन-येऊन ५० किमीच्या आसपास. अचिरेआलेच्या पुढे ‘एसएस ११४’ या महामार्गावर गाड्या फार, म्हणून हा टप्पा शक्यतो रविवारी सकाळी करा.

नियमही इथेच अंगवळणी पाडून घ्या. उजवीकडून चालवायचं. गावाबाहेर एकामागे एक, जोडीने गप्पा मारत नाही. अंधारात गावाबाहेर आणि बोगद्यात दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं. ‘ए १८’ या मोटरवेवर सायकलला बंदी आहे, आणि मोबाइलवरचा नकाशा मोटारीच्या पर्यायावर राहिला तर तो तिकडेच पाठवतो.

दुसरा दिवस: पूर्व उतार

जार्रे ते सांत आल्फियो, फोर्नाझ्झो, मीलो, झाफेराना आणि परत. अंतर फार नाही, पण ८०० मीटरच्या आसपास चढ होतो. सांत आल्फियोत ‘शंभर घोड्यांचा चेस्टनट’ हा प्रचंड जुना वृक्ष आहे. वादळात सापडलेली एक राणी शंभर स्वारांसह त्याच्याखाली थांबली, अशी दंतकथा. १७८० मध्ये त्याचा घेर ५७.९ मीटर मोजला गेला होता. आज त्याची वेगवेगळी खोडं दिसतात. फोर्नाझ्झोला १९७९ चा लाव्हा एका छोट्या प्रार्थनास्थळाला टेकून थांबला, तो रस्त्याकडेलाच दिसतो.

हा दिवस वगळू नका. माथ्यावर जाण्याआधी रस्त्याचा पृष्ठभाग, वारा आणि स्वतःचे पाय यांचा अंदाज इथेच येतो.

मोठा चढ

सकाळी उठल्यावर आधी धुराची दिशा पाहा आणि कातानियातल्या भूभौतिकी वेधशाळेचं ताजं पत्रक वाचा. मग बाजू निवडा.

निकोलोसीची बाजू पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी. गाव ७०० मीटरवर, रिफूजिओ सापिएन्झा हे डोंगरावरचं विश्रामगृह १,९१० मीटरवर, मध्ये साधारण १८ किमी. रस्ता रुंद, वळणं मोकळी. निकोलोसीच्या कडेला मोंती रोस्सी हे दोन लालसर सुळके दिसतील. १६६९ चा उद्रेक तिथूनच झाला आणि त्याचा लाव्हा थेट कातानियापर्यंत पोचला. वर चढताना आधी चेस्टनट आणि पाइन, मग खुरटी झुडपं, आणि शेवटी नुसता दगड. सापिएन्झाजवळ रस्त्याला लागूनच १८९२ च्या उद्रेकातली सिल्वेस्त्री विवरं आहेत. २०२२ च्या जिरो द’इतालिया या इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीत याच ठिकाणी संपलेला टप्पा जर्मनीच्या लेनार्ड केम्नाने जिंकला.

झाफेरानाची बाजू जास्त एकाकी आणि जास्त तीव्र, सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. तिसरी बाजू उत्तरेची. लिंग्वाग्लोसाहून पाइनच्या जंगलातून पियानो प्रोवेन्झानाला, सुमारे १,८०० मीटरवर. सावली हवी असेल तर हीच घ्या. २०२० चा जिरोचा टप्पा इथे संपला होता आणि इक्वेडोरचा जोनातन काइसेदो जिंकला होता. इथली हॉटेलं आणि स्कीइंगची सोय २००२ च्या लाव्हाखाली गेली होती, पुढे ती पुन्हा उभारली.

पाण्याचं गणित पक्कं करा. सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, पण पावसाळ्यात तो पाणी धबधब्यांनी खाली सोडतो. एटनाचा दगड तरुण आणि भेगाळ, पाऊस सरळ आत मुरतो. झरे-ओढे जवळजवळ नाहीतच. शेवटच्या गावात दोन्ही बाटल्या भरा आणि वर पोचेपर्यंत नळ नाही असंच धरून चला.

उताराबद्दल माझा एकच नियम आहे: ज्या रस्त्याने चढलात त्यानेच उतरा. राखेची कच वळणांवर साचते आणि काळ्या डांबरावर ती दिसत नाही. चढताना दहा किमीच्या वेगात तुम्ही प्रत्येक वळण पाहिलेलं असतं. निकोलोसीहून चढून झाफेरानाकडे उतरायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तो रस्ता आदल्या दिवशी पाहिलेला असेल तरच. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे मेमध्येही न्या.

पूर्ण प्रदक्षिणा

वेळ उरला तर. जार्रे, लिंग्वाग्लोसा, रांदाझ्झो, मालेत्तो, ब्रोंते, आद्रानो, निकोलोसी, झाफेराना. पाय तयार असतील तर एका दिवसात होते, पण मी ब्रोंतेला मुक्काम करेन. एटनाला वळसा घालणारी जुनी मीटरपेक्षा अरुंद रेल्वे यातल्या बऱ्याच गावांमधून जाते, त्यामुळे दिशा चुकत नाही. रांदाझ्झोपर्यंत द्राक्षमळ्यांचा रस्ता अप्रतिम. ब्रोंते ते आद्रानो मात्र ट्रक फार असतात, तो भाग सकाळी लवकर उरका. ब्रोंतेचा पिस्ता लाव्हाच्या भेगांत वाढतो आणि त्याची तोडणी एक वर्षाआड, विषम वर्षांच्या सप्टेंबरात होते.

खाणं

सकाळी बारमध्ये बदामाचा ग्रानिता (बर्फाळ गोड पदार्थ) आणि गरम ब्रिओश (गोडसर पाव) घ्या, दोन तासांची सोय होते. कातानियाच्या रस्त्यांवरच्या टपऱ्यांवर सोडा, लिंबू आणि मीठ एवढंच घालून पेय मिळतं. घामाने गेलेलं मीठ भरून काढायला त्याहून चांगलं काही नाही. शाकाहारींनी अरान्चिनो (भाताचा तळलेला गोळा) घेताना विचारावं, कारण साध्या लोण्याच्या अरान्चिनोतही बऱ्याचदा हॅम असतं. वांगं, टोमॅटो आणि खारवलेल्या रिकोत्ता चीजचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ बिनधास्त मागवा. दुपारी गावातली दुकानं तासन्‌तास बंद असतात, म्हणून दुपारचं खाणं एकच्या आत खिशात असू द्या.

परतीचं तिकीट

कातानियाचा विमानतळही राखेमुळे बंद पडतो आणि विमानं कोमिसो किंवा पालेर्मोकडे वळवली जातात. पुढचं विमान रोम किंवा मिलानहून असेल तर मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, आणि दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर घ्या.