कुत्र्याला घेऊन एकट्याने कोकणातला गड कसा चढावा

एकट्याने फिरताना पाय मुरगळला तर माणूस बसत-सरकत का होईना, खाली येतो. कुत्र्याच्या पंजात काच घुसली की तो जागचा हलत नाही आणि हात लावायला दुसरं कुणी नसतं. म्हणून सगळं नियोजन एका प्रश्नावर बेतावं: इथून याला उचलून मी खाली येऊ शकेन का?

पहिली पायरी घरीच. त्याला खांद्यावर घेऊन इमारतीचे चार मजले उतरून बघा. 12-15 किलोचा गावठी कुत्रा जमतो. 30-35 किलोचा लॅब्रॅडॉर जमला नाही, तर एकट्याचा बेत सोडून सोबतीला माणूस घ्या. जुनं सुती लुगडं सॅकमध्ये टाका, त्याची झोळी पाठीशी बांधता येते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला नि वर्षाच्या आतल्या पिल्लाला नेऊ नका. रेबीज आणि लेप्टोची लस, गोचिडांचं औषध हे निघायच्या बरंच आधी उरका.

मग गड निवडा. सुरुवातीला अलिबागजवळचा सागरगड बरा. खंडाळे गावातून वाट चढते, मध्ये सिद्धेश्वराचं देऊळ लागतं, वर माचीवर वस्ती आहे. वानरटोकाच्या बाजूला मात्र दोरी हातातच हवी, वानर दिसलं की कुत्र्याला कडा दिसत नाही. मुक्काम करायचा तर खेड तालुक्यातला रसाळगड. त्याच डोंगररांगेतले सुमारगड आणि महिपतगड खुणावतात, पण तिथलं दाट रान, शिड्या आणि कातळटप्पे हे चार पायांचं काम नव्हे. कर्नाळा आणि फणसाड ही अभयारण्यं आहेत, तिथे कुत्रा नेऊच नका.

काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि कोकणातल्या दमट हवेत ते नीट होत नाही. उजाडताच चढायला लागा, दहा वाजले की सावली शोधा. कातळावर हाताची मागची बाजू 7 सेकंद ठेवून बघा. चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतात. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लडखडली तर ऊन लागलंय. सावलीत पोटावर आणि पायांवर पाणी ओता, वारा घाला, घोट-घोट पाजा आणि खाली निघा. वर जायचा विचार तिथेच संपला.

याच दिवसांत गवत वाळतं आणि खरा ताप सुरू होतो तो कुसळांचा. बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत शिरलेलं कुसळ मागे येत नाही, आत-आत जातं आणि पुढे गळू होतं. प्रत्येक थांब्यावर बोटं फाकवून बघा, चिमटा खिशात ठेवा. कुत्रा सारखा डोकं झटकत असेल तर कानाला घरगुती उपाय करू नका, डॉक्टरच गाठा.

पाणी 15 किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर लागतं, चढाईत दुप्पट धरा. ते तुमच्याच पाठीवर. कुत्र्याच्या पाठीवरची पिशवी फोटोत झकास दिसते, पण उकाड्यात अंग तापवते. गडावरच्या टाक्यात त्याला तोंड घालू देऊ नका, ते पाणी माणसंही पितात. खायला त्याचं नेहमीचंच, कांदा-लसूण अजिबात नको.

रसाळगडावर झोलाई देवीच्या देवळापाशी ट्रेकर राहतात. कुत्रा बरोबर असेल तर गावकऱ्यांना आधी विचारा, ते नको म्हणाले तर तंबू लांब ठोका. रात्री त्याला बाहेर बांधून झोपणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. तो तंबूतच हवा.

दगडांच्या फटीत नाक खुपसू देऊ नका, कोकणात फुरसं असतं. दंश झाला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. त्याला चालवू नका, झोळीत घ्या आणि उतरा. सर्पविषाची लस ठेवणारा पशुवैद्य खेड किंवा अलिबागच्या आसपास कोण आहे, हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारून ठेवा. परतायची वेळ घरी आणि पायथ्याच्या एखाद्या घरात सांगा, उतरल्यावर दोन्हीकडे कळवा.

घरी आल्यावर कान, मान, शेपटीचं मूळ चाचपून गोचिडी काढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो खायचा थांबला, अंग तापलं किंवा हिरड्या फिकट पडल्या, तर डॉक्टरांना आधी हेच सांगा की हा डोंगरात जाऊन आलाय.