कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या शिक्षणावर पीएचडी: आखणी कशी करावी

फर्स्ट नेशन्स, इन्युइट किंवा मेटी (कॅनडातल्या मूळ रहिवाशांचे हे तीन गट) मुलांना शाळेत वंशभेदाचा किती फटका बसतो, यावर काम करायचं असेल तर प्रश्नावली नंतर. प्रश्न पक्का होण्याआधीच त्या समाजाकडे जायचं. संशोधक त्याच समाजातला असला तरी यातून सुटका नाही. केंद्राचा संशोधन निधी घेणाऱ्या विद्यापीठांना 'ट्राय-कौन्सिल पॉलिसी स्टेटमेंट' (माणसांवरच्या संशोधनाची नैतिक नियमावली) लागू असतं आणि त्याचं नववं प्रकरण याच समाजांवरच्या संशोधनाबद्दल आहे. नीतिशास्त्र समिती अर्जातच विचारते, समाजाला सामील कसं करणार?

म्हणून लेखी करार करा. ध्वनिमुद्रणं कुणाच्या ताब्यात राहणार, मसुदा वाचायला किती दिवस, निष्कर्ष पटला नाही तर त्यांची हरकत छापणार का, हे सगळं त्यात हवं. फर्स्ट नेशन्ससाठी 1998 पासून ओकॅप ही चौकट आहे: माहितीची मालकी, नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा. इन्युइट किंवा मेटी समाजासाठी हीच चौकट जशीच्या तशी चिकटवू नका. ताब्याचा मुद्दा सर्वांत अवघड, कारण मुलाखती विद्यापीठाच्या सर्व्हरवरच ठेवायची सवय असते. मार्गदर्शकाशी हे आधीच बोलून घ्या.

आता आकडे. इथे भलेभले फसतात. रोजगार समानता कायद्यातल्या 'व्हिजिबल मायनॉरिटी'च्या (गोरे नसलेल्या अल्पसंख्याकांच्या) व्याख्येतून मूळ रहिवासी वगळलेले आहेत. जनगणनेच्या तक्त्यात ते 'व्हिजिबल मायनॉरिटी नाही' या रकान्यात, गोऱ्यांच्या सोबतीला जाऊन बसतात. त्या रकान्याला 'गोरे' समजून तुलना केली की जी दरी मोजायची तीच बुजते. मूळ रहिवासी ओळखीचा रकाना वेगळा घ्या, दोन्ही रकान्यांचा मिळून एक तक्ता करा, मग गट पाडा.

दुसरा खड्डा रिझर्व्हवरच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या, शाळांचा. त्यांना पैसा केंद्राकडून येतो, बाकी सरकारी शाळा प्रांताच्या. त्यामुळे नुसत्या प्रांताच्या आकडेवारीवरून 'सगळी मुलं' म्हणता येत नाही. जनगणनाही पुरी नसते: 2021 मध्ये 63 रिझर्व्ह आणि वस्त्यांची गणना अपुरी राहिली. हे तळटीपेत नको, पद्धतीच्या प्रकरणातच लिहा.

इयत्तेत सातच मुलं असतील तर टक्केवारी देऊ नका. गावात कोण कोण ते लगेच ओळखू येतं. दोन-तीन वर्षं एकत्र करा.

लिहिताना 'या मुलांची हजेरी कमी' एवढ्यावर थांबलात तर दोष मुलांच्या माथी जातो. बस किती लांबून येते, वर्षात शिक्षक किती वेळा बदलले, दर मुलामागे खर्च किती, हे त्याच परिच्छेदात यायला हवं. मूळ रहिवासी मुलांच्या सक्तीच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या 2015 च्या 94 शिफारशींपैकी आठवी रिझर्व्हवरच्या आणि बाहेरच्या मुलांवरच्या केंद्राच्या खर्चातल्या तफावतीबद्दलच आहे. तिचा आधार घ्या.

समाजासाठीचा अहवाल साध्या भाषेत, नियतकालिकाला लेख पाठवण्याआधी द्या. नोकरीच्या अर्जात त्याची वेगळी नोंद करा, नाहीतर निवड समिती तो मोजतच नाही.