बॅकअप सुरू झाला की बिलिंग अडकतंय? झीरोकॉपी चेक करा

सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत माझा एक सर्व्हर आहे, डेबियन ९ लिनक्स, कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.९, त्यावर केव्हीएमचं (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) एकच व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारं व्हर्च्युअल मशीन. बिलिंग त्यातच आणि तासगावच्या कोल्ड स्टोरेजला बॅकअप पण त्यातूनच जातो. संध्याकाळी बॅकअप लागला की काउंटरवर बिल नुसतं फिरत बसायचं. मी आधी इंटरनेटवाल्याशी भांडलो, मग स्विच बदलला, फॅनमधली हळद झटकली (पिवळाधमक झाला होता), काही उपयोग नाही.

तुमच्याकडं असं झालं तर पहिलं काउंटरच्या पीसीवरून होस्टला (म्हणजे मूळ सर्व्हरला) आणि व्हीएमला वेगवेगळं पिंग मारा. माझ्याकडं होस्टचं उत्तर लगेच यायचं आणि व्हीएमचं थांबून थांबून, म्हणजे केबल न् स्विच सुटले. मग होस्टवर टीसीची (लिनक्समधलं नेटवर्कचा वेग आवरायचं साधन) आकडेवारी बघा. तासगावच्या लाइनीला मी स्पीड लिमिट लावलेली, तिथं बॅकलॉग (पाठवायची राहिलेली पॅकेटं) तुंबलेला. लिमिट दोन मिनिटं काढली आणि बिलं धडाधड निघाली, तिथंच शंका आली.

भानगड अशी, की व्हीहोस्ट-नेट (व्हीएमची पॅकेटं बाहेर पाठवणारं होस्टच्या कर्नलचं मॉड्यूल) मोठी पॅकेटं कॉपी न करता व्हीएमच्याच मेमरीतून पाठवतो, यालाच झीरोकॉपी म्हणतात, आणि पॅकेट खरंच बाहेर पडेपर्यंत ती मेमरी मोकळी होत नाही. गाडी यार्डाबाहेर गेल्याशिवाय गाळा रिकामा होत नाही तसंच. अशी किती पॅकेटं लटकत ठेवायची याला मर्यादा आहे, ती भरली की जुन्या कर्नलमध्ये त्या रांगेतलं सगळंच थांबतं, मग बिलाचं चिमुकलं पॅकेट का असेना. ४.१५ पासून मर्यादा भरली की थांबायच्या ऐवजी कॉपी करतात.

उपाय सोपा आहे, झीरोकॉपी बंद करायची, पण चालू मशीनवर होत नाही, कारण तिचं पॅरामीटर फक्त वाचता येतं. होस्टवर सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज दिसतात ते फोल्डर) व्हीहोस्ट-नेट मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये एक्सपेरिमेंटल-झेडकॉपीटीएक्स बघा, १ (चालू) असेल तर मॉडप्रोब-डी फोल्डरमधल्या (मॉड्यूल लोड होतानाची सेटिंग्ज इथं असतात) फाइलीत ० करा, सगळी व्हीएम नीट बंद करा, मॉड्यूल काढून परत लोड करा. मी रविवारी यार्ड बंद असताना केलं. व्हीएम चालू करायच्या आधी आकडा परत बघा, मी फाइलीत स्पेलिंग चुकवलं होतं आणि अर्धा तास डोकं खाजवत बसलो.

कॉपीमुळं सीपीयू थोडा जास्त खातो, पण पेढीच्या लोडला ते कळत पण नाही. कर्नल ५.३ किंवा पुढचा असेल तर हे मुळातच बंद असतं, तेव्हा कुणी मुद्दाम चालू केलं नसेल तर इथं वेळ घालवू नका.