ऑस्टिन सेव्हनची जुनी कोचबिल्ट (लाकूड-पत्र्यात हातानं बांधलेली) बॉडी उघडायची असेल तर आधी हे वाचा

निपाणीत मित्राच्या मामांच्या गोदामात एक बारकी ऑस्टिन सेव्हन ही जुनी इंग्लिश गाडी आहे, मामांचा दावा की ही स्वॅलोची बॉडी. असू शकते. १९२७ पासून ब्लॅकपूलच्या विल्यम लायन्सच्या स्वॅलो कंपनीनं ऑस्टिनची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, विकत घेऊन त्यावर स्वतःची गोलसर, दोन रंगांची बॉडी बसवून विकली, पुढं हीच कंपनी जग्वार झाली. पण नुसत्या गोल शेपटीवर विश्वास ठेवू नका, टेप घ्या आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधलं अंतर मोजा. जुन्या सेव्हनचं ७५ इंच, १९३० नंतरच्या लांब चॅसीचं ८१. कागदावर १९२८ लिहिलंय आणि टेप ८१ दाखवतोय म्हणजे कुठंतरी घोळ आहे.

आता मुख्य गोष्ट. पत्र्याला हात लावायच्या आधी लाकूड बघा. या बॉडीत आत ॲश या विलायती झाडाच्या लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा, पत्रा नुसता अंगरखा आहे हो. त्यात सेव्हनची चॅसी इंग्रजी ए अक्षरासारखी, पुढं टोक, मागं दोन पाय आणि ते पाय मागच्या ॲक्सलपर्यंत पोचतच नाहीत, तिथून पुढं फक्त पाव लंबगोल पाटे (स्प्रिंगा). म्हणजे गाडीची शेपटी हवेत लोंबकळते आणि सगळा हिसका दाराच्या मागच्या खांबावर येतो. पहिली चीर तिथंच बघा, सुतार पटाशीनं टोचून बघतो, भुसा निघाला तर संपलं.

मी शहाणपणा केला आणि मागचा पत्रा आधी काढला. दुसऱ्या दिवशी दार लागेना! म्हणून आधी दाराच्या चौकटीत आतून तिरकी पट्टी स्क्रूनं घट्ट बांधा, दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा, मगच पत्रा. कुजलेला तुकडासुद्धा फेकू नका, प्लायवर ठेवून त्याची खूण काढून घ्या, माप तेच.

ॲश इकडं कुठं मिळणार, खानापूरकडचा जुना सागवान घ्या. सुतार म्हणाला, "काय करूलास रे, खेळण्यातली गाडी काय ही?" पण सागवान वाफेवर ॲशसारखा वाकत नाही, वळणं फळीतून कापून जोड देऊन करा. सागवानाला तेल असतं, एपॉक्सी गोंद लावायच्या आधी थिनरनं पुसा नाहीतर पावसाळ्यात जोड सुटतील. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल आणि लोखंडी ब्रॅकेटला टेकत असेल तर मध्ये रबराची पट्टी घाला, नाहीतर पांढरी पावडर धरते.

इंजिन ७४७ सीसी, तेव्हा जाड पत्रा, मोठा स्टीरिओ, फोमच्या सीटा असलं काही भरू नका, ब्रेक तर देवाच्या भरवशावर.

कागद मात्र आधी. २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर नाही. म्हणून लाकूड बदलताना आकार जुनाच ठेवा आणि रोजच्या रोज फोटो काढा. आमचे मामा हौसेनं शेपटी लांब करायला सांगत होते, मी स्पष्ट नाही म्हणालो. गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) ची असून तुम्ही केए-२३ (चिकोडी) वाले असाल तर एनओसीसाठी वेगळी धावपळ, ती लाकूड आणायच्या आधी उरका, नाहीतर गाडी उघडी पडून राहते आणि पावसाळा येतो.